पीडब्ल्यूएम की एमपीपीटी: मळ्यातल्या सोलरला कुठला कंट्रोलर?

उन्हाळ्यात मामांचा फोन आला. गोठ्यावरचा सोलर कंट्रोलर, म्हणजे पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारा डबा, बदलायचा होता आणि घरासाठी नवीन जोडणी करायची होती. "साधा पीडब्ल्यूएम घेऊ का तो महागडा एमपीपीटी घेऊ?" मी म्हटलं, "मामा, आधी पॅनेलच्या मागचं लेबल वाचून दाखवा." त्यांना वाटलं मी उत्तर टाळतोय, पण निम्मं उत्तर त्या लेबलवरच असतं. उरलेलं निम्मं बॅटरीच्या लेबलवर असतं. दुकानात मात्र लोक अँपिअर आणि किंमत एवढंच विचारतात.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगचं काम करतो. सोलर हा माझा मूळ धंदा नव्हे, पण घरच्या, पाहुण्यांच्या आणि शेजारच्या वस्तीवरच्या जोडण्या करता करता हात बसला. तेव्हा दोन्ही कंट्रोलरमध्ये खरा फरक काय, तो आधी सांगतो.

पीडब्ल्यूएम हा फार वेगानं चालू-बंद होणारा स्विच आहे. तो पॅनेल थेट बॅटरीला जोडतो, त्यामुळे पॅनेलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर काम करावं लागतं. बॅटरी १३ व्होल्टवर असेल तर पॅनेलही जवळपास १३ वर येतं. पॅनेलला याहून जास्त व्होल्टेज देता येत असेल, तर ते फुकट जातं. एमपीपीटीचं काम वेगळं. पॅनेल ज्या व्होल्टेजवर सर्वांत जास्त वॅट देतं तो बिंदू तो सतत शोधत राहतो आणि जादाच्या व्होल्टेजचं करंटमध्ये रूपांतर करतो. आम्हा वाइंडिंगवाल्यांना हे लगेच कळतं: व्होल्टेज उतरवलं की करंट चढतो.

आता मामांच्या दोन्ही जोडण्या घ्या.

गोठ्यावर १०० वॅटची दोन जुनी पॅनेलं आहेत, प्रत्येकात ३६ सेल. लोक यांना '१२ व्होल्टचं पॅनेल' म्हणतात, पण लेबलवर व्हीएमपी म्हणजे काम करतानाचं व्होल्टेज साधारण १८ आणि व्हीओसी म्हणजे काहीही न जोडता मिळणारं व्होल्टेज साधारण २२ असतं. करंट साडेपाच अँपिअर. पीडब्ल्यूएमवर १३ गुणिले साडेपाच, म्हणजे सत्तरएक वॅट हाती लागतात. बाकीचे गेले. ऐकायला हा तोटा मोठा वाटतो, पण आपल्याकडच्या एप्रिलचा हिशोब करून बघा. दुपारी पत्र्यावरचं पॅनेल ६०-६५ अंशांपर्यंत तापतं आणि तापलं की व्होल्टेज पडतं. १८ चं जेमतेम १५ राहतं. बॅटरी त्या वेळी १४ च्या आसपास असते. मग एमपीपीटीनं वाचवायचं काय? एक-दीड व्होल्ट. त्यासाठी पाच-सहा पट पैसे मोजणं मला पटत नाही.

शिवाय १२ व्होल्टच्या बॅटरीला असं एकच पॅनेल एमपीपीटीवरून जोडलं, तर सकाळी कंट्रोलर उशिरा जागा होऊ शकतो. उदाहरणार्थ, व्हिक्ट्रॉन कंपनीचा स्मार्टसोलार हा एमपीपीटी चार्जिंग सुरू करायला पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा ५ व्होल्ट जास्त मागतो. एमपीपीटी लावायचाच असेल तर ही दोन पॅनेलं सीरीजमध्ये जोडा, म्हणजे व्हीएमपी ३६ होतो. पीडब्ल्यूएमवर मात्र हीच दोन पॅरललच हवीत. कडेला नारळाचं झाड असेल आणि सावली फिरत असेल तर पॅरललचाच फायदा, कारण सीरीजमध्ये एका पॅनेलवरची सावली दुसऱ्यालाही खाली ओढते.

घरासाठी आणलेलं पॅनेल ३३० वॅटचं, ७२ सेलचं. व्हीएमपी साडेसदतीस, करंट ८.८. हे पीडब्ल्यूएमवरून १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडलं तर १३ गुणिले ८.८, म्हणजे ११४ वॅट मिळतात. ३३० चे ११४! दोन-तृतीयांश पॅनेल छपरावर नुसतं शोभेला राहिलं. असं लावून देणारे लोक आजही आहेत आणि मला त्याची चीड येते. कारण गिऱ्हाईक वर्षानुवर्षं 'सोलर काही खास चालत नाही' म्हणत बसतं. इथं एमपीपीटीला पर्याय नाही. भाव बघितला तरी मोठी पॅनेलं प्रति वॅट स्वस्त पडतात आणि १२ व्होल्टची छोटी महाग. त्यामुळे नवीन जोडणीत 'छोटी पॅनेलं अधिक पीडब्ल्यूएम' आणि 'एक मोठं पॅनेल अधिक एमपीपीटी' या दोन बेरजा वाटतात तेवढ्या लांब राहत नाहीत.

कोल्हापूरच्या माणसानं आणखी एका गोष्टीचा हिशोब धरायला हवा, तो म्हणजे पाऊस. दाट ढगात पॅनेल आपल्या क्षमतेच्या दहा ते पंचवीस टक्क्यांवर येतं. गगनबावड्याकडं तर जुलैमध्ये दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही. एमपीपीटी लावला की पावसात भरपूर चार्जिंग होतं असं काही जण सांगतात. तसं नसतं. जे ऊन पडतच नाही ते कुठलाही कंट्रोलर आणू शकत नाही. पण एमपीपीटीचा एक फायदा खरा आहे: पॅनेल मोठं लावता येतं. व्हिक्ट्रॉनच्या १००/२० या मॉडेलमधला पहिला आकडा पॅनेलकडून चालणारं कमाल व्होल्टेज आणि दुसरा बॅटरीकडं जाणारा कमाल करंट. ३३० वॅटचं पॅनेल भर उन्हात २४ अँपिअरपर्यंत देऊ शकतं, हा कंट्रोलर ते २० वरच थोपवतो आणि त्यात बिघडत काही नाही. १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालायच्या शिशाच्या बॅटरीला २० अँपिअर मानवतात. उन्हाळ्यात थोडं वाया जातं, पण झडीच्या दिवसांत तेच मोठं पॅनेल १०० वॅटच्या पॅनेलपेक्षा तिप्पट भर टाकतं. पॅनेल उन्हाळा बघून नाही, आषाढ बघून घ्यावं.

व्होल्टेजची मर्यादा मात्र कधीही ओलांडू नका. करंट कंट्रोलर थोपवतो, व्होल्टेज थोपवता येत नाही, ते सरळ आतले भाग जाळतं. ४६ व्हीओसीची दोन पॅनेलं सीरीजमध्ये ९२ होतात. शंभरच्या आत आहेत असं वाटतं, पण लेबलवरचा आकडा २५ अंशांचा असतो. थंडीतल्या पहाटे १२ अंशांवर तेच ९५-९६ वर जातं. एपेव्हर कंपनीच्या ट्रेसर एएन मालिकेतल्या १०० व्होल्टच्या मॉडेलना तर २५ अंशांला ९२ हीच मर्यादा दिलेली आहे. हल्लीची, याहून जास्त व्हीओसीची ५४० वॅटची दोन पॅनेलं सीरीजमध्ये लावली तर काम तिथंच संपलं.

कंट्रोलर निवडून काम अर्धंच होतं. चुकीच्या सेटिंगवरचा एमपीपीटी बॅटरी जेवढ्या लवकर मारतो, तेवढ्या लवकर नीट सेट केलेला साधा पीडब्ल्यूएम मारत नाही. माझ्याकडं तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक जोडण्यांत दोष सेटिंगचाच निघतो.

गोठ्यावरचा पीडब्ल्यूएम तीन बटणांचा, निळ्या डब्यातला. मेनूचं बटण दाबत गेलं की एकामागून एक आकडे येतात: फ्लोट (भरलेली बॅटरी टिकवून ठेवायचं व्होल्टेज), लोड म्हणजे जोडलेले दिवे वगैरे परत चालू होण्याचं व्होल्टेज, लोड बंद होण्याचं व्होल्टेज, दिव्याचा मोड आणि शेवटी बॅटरीचा प्रकार. बी१ म्हणजे सील्ड, बी२ जेल, बी३ पाणी घालायची. ट्युब्युलरला बी३ हवं, बूस्ट म्हणजे बॅटरी भरतानाचं वरचं व्होल्टेज १४.६ पर्यंत जातं. कारखान्यातून तो बी१ वर आला होता आणि लोड बंद व्हायचा आकडा होता १०.७. शिशाची बॅटरी १०.७ पर्यंत उतरवली म्हणजे ती जवळजवळ रिकामी केली. रोज असं झालं तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि पावसाळ्यात ती पूर्ण भरतच नसल्यानं ते निघत नाही. मी तो आकडा ११.८ केला. दिवे तासभर आधी जातात, पण बॅटरीची वर्षं वाढतात.

एपेव्हरच्या अनेक मॉडेलना कंट्रोलरवरच्या बटणांनी फक्त प्रकार निवडता येतो. स्वतःचे आकडे घालायचे तर एमटी५० हा छोटा डिस्प्ले किंवा संगणक लागतो. तिथं 'यूजर' निवडून आकडे भरताना एक अडचण येते: आकड्यांचा क्रम चुकला तर ते सेव्हच होत नाहीत. इक्वलाइज (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून अधूनमधून द्यायचं जादा व्होल्टेज) हा बूस्टपेक्षा कमी नको, बूस्ट फ्लोटपेक्षा कमी नको आणि फ्लोट हा बूस्ट पुन्हा सुरू होण्याच्या आकड्याच्या वर हवा. खालच्या बाजूला लोड जोडण्याचा आकडा तोडण्याच्या आकड्यापेक्षा मोठा हवा. डिस्प्ले बिघडलाय असं समजून लोक तो परत करतात. व्हिक्ट्रॉन मोबाइलवरून ब्लूटूथनं सेट होतो, आणि पाच फुटांवरून बॅटरीचा रोजचा इतिहास दिसतो ही सोय मला खरोखर आवडते. ज्याला आकडे बघायची सवय लागेल त्यानं त्यासाठी पैसे द्यावेत. जो वर्षभर डब्याकडं बघणार नाही, त्याला त्याचा उपयोग नाही.

तापमानाची भरपाई, म्हणजे बॅटरी तापली की चार्जिंगचं व्होल्टेज उतरवणं, तीही बघा. १२ व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीला २५ अंशांच्या वर दर अंशामागं साधारण १८ मिलिव्होल्ट उतरवायचे. चाळीस अंशांच्या पत्र्याच्या शेडमध्ये १४.४ चं १४.१ व्हायला हवं, नाहीतर बॅटरीतलं पाणी वायू होऊन उडतं आणि डिस्टिल्ड वॉटरचे कॅन संपत राहतात. बहुतेक कंट्रोलर स्वतःच्या डब्यातलंच तापमान मोजतात. म्हणून तो उन्हातल्या भिंतीवर आणि बॅटरी गार खोलीत, असं करू नका.

लिथियमचं गणित वेगळं, आणि ते आम्ही चुकून शिकलो. पुतण्यानं लिथियमची एलएफपी बॅटरी आणली आणि जुन्या पीडब्ल्यूएमवर, बी३ वरच, जोडली. व्होल्टेज १४.६ ला पोचलं तसं बॅटरीच्या बीएमएसनं, म्हणजे आतल्या संरक्षक सर्किटनं, संरक्षणासाठी स्वतःला तोडून घेतलं. बॅटरी निघून गेल्यावर पॅनेलचं व्होल्टेज रोखायला काही उरलं नाही आणि खोलीतले चार डीसी बल्ब एका क्षणात गेले. एलएफपीला बूस्ट १४.२ ते १४.४, फ्लोट १३.५, इक्वलाइज बंद, तापमान भरपाई शून्य. एवढं सेट करता येत नसेल तर तो कंट्रोलर लिथियमला लावू नका, मग तो पीडब्ल्यूएम असो वा एमपीपीटी.

जोडताना बॅटरी आधी, पॅनेल नंतर. सोडवताना पॅनेल आधी. बॅटरीच्या टर्मिनलजवळ फ्यूज, पॅनेलच्या वायरीवर डीसीचा एमसीबी, घरातला एसीचा नव्हे. इन्व्हर्टर कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवर कधीच नाही, तो थेट बॅटरीला, स्वतःच्या फ्यूजसकट. आपल्याकडं या क्रमाला आणखी एक कारण आहे. २०१९ आणि २०२१ ला आंबेवाडी, प्रयाग चिखलीकडं पाणी शिरलं तेव्हा सामान माळ्यावर न्यायला फार वेळ नव्हता. अशा वेळी आधी पॅनेलचा एमसीबी पाडायचा, मग बॅटरी सोडवायची. घाईत उलटं केलं तर कंट्रोलर जाऊ शकतो. तो भिंतीवर डोक्याच्या वर लावा, बॅटरीला उचलायच्या कड्या ठेवा.

मामांना शेवटी दोन वेगळी उत्तरं मिळाली. गोठ्यावर नवा पीडब्ल्यूएम बसवला. घरात १००/२० चा एमपीपीटी, त्यावर ते एकच मोठं पॅनेल, आणि दुसरं घ्यायचं झालं तर पॅरलल. गोठ्यातल्या डब्याखाली मामांनी निळ्या रंगानं बूस्ट, फ्लोट, लोड चालू आणि लोड बंद असे चार आकडे लिहून ठेवलेत: १४.६, १३.८, १२.६, ११.८. पोरांनी बटणं दाबली तरी धार काढायला गेल्यावर ते एकदा ताडून बघतात.