नागपूरचा अल्बम परदेशात ऐकवताना : बॅण्डकॅम्प आणि बाकीची साधनं, वापरानंतरचा अनुभव

आमचा चौघांचा गट आहे. खंजिरी, इलेक्ट्रिक गिटार आणि दोन बायकांचे आवाज. भुलाबाईची गाणी आणि खंजिरी भजनं ऐकत आम्ही वाढलो, त्याच अंगाने आता स्वतःच्या रचना बांधतो. पहिला अल्बम २०२५ च्या पोळ्याच्या सुमारास काढला आणि तेव्हापासून तो परदेशातल्या ऐकणाऱ्यांपर्यंत नेण्याचं काम माझ्याकडे आहे. नागपुरात आम्हाला कार्यक्रम मिळतात, लोक मनापासून ऐकतात. पण अनोळखी भाषेतलं संगीत शोधून, पैसे देऊन विकत घेणारे लोक जगभर विखुरलेले आहेत. त्यांना गाठायला काय काय वापरलं आणि त्यातलं काय टिकलं, ते लिहिते.

सगळ्यात जास्त उपयोग बॅण्डकॅम्पचा झाला. हे संकेतस्थळ २००८ पासून आहे आणि ते मुळात गाण्यांचं दुकान आहे. किंमत आपण ठरवायची, वाटल्यास "हवे तेवढे द्या" असंही ठेवता येतं. डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के घेतात, कॅसेट किंवा टी-शर्टसारख्या वस्तूंवर १० टक्के. पैसे वळते करण्याचा खर्च धरून सरासरी ८२ टक्के रक्कम कलाकाराच्या हाती पडते असं ते सांगतात, आणि आमचा हिशेबही त्याच्या आसपासच येतो. गाणं वेव्ह किंवा फ्लॅकसारख्या, आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये चढवावं लागतं. साध्या खात्यात एका फाइलला २९१ एमबीची मर्यादा आहे, ती आम्हाला पुरली.

पण खरी गंमत टक्केवारीत नाही. तिथे कोणी अल्बम घेतला की तो त्याच्या संग्रहात सगळ्यांना दिसतो. त्याला तिथे फॉलो करणाऱ्यांना कळतं की याने काय घेतलं. आमचं पहिल्या काही महिन्यांतलं परदेशी गिऱ्हाईक असंच एकातून एक आलं. शिवाय घेणाऱ्याने परवानगी दिली तर त्याचा ई-मेल पत्ता आपल्याला मिळतो. माझ्या मते या सगळ्या उद्योगात यापेक्षा मोलाचं काही नाही. बॅण्डकॅम्प २०२२ मध्ये एपिक गेम्सकडे गेलं, २०२३ मध्ये साँगट्रेडरकडे, आणि त्या बदलात जवळपास निम्म्या लोकांची नोकरी गेली. उद्या तिसरा मालक काय करेल हे कुणी सांगावं? म्हणून मी दर महिन्याला पत्त्यांची यादी उतरवून घेते.

अल्बमखाली माहिती लिहायला जागा असते, तिथे कंजुषी करू नका. खंजिरी कशी धरतात, तिच्या झांजा कुठे असतात, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे ती विदर्भात गावोगावी कशी पोहोचली, कोजागिरीला भुलाबाईसमोर मुली काय गातात, हे सगळं मी इंग्रजीत सविस्तर लिहिलं. आमच्या गायिका काकूंनी तेव्हा विचारलं होतं, "तिकडच्या लोकायले समजते का हे?" त्यानंतर बेल्जियममधल्या एका ढोलवादकाने लांबलचक पत्र पाठवलं. दुसऱ्या गाण्यात खंजिरीच्या कातड्याला अंगठ्याने ताण देऊन सूर वर आणला आहे का, असा त्याचा प्रश्न होता. आणला आहेच. काकूंच्या मुलाने त्याला हाताचा व्हिडिओ काढून पाठवला.

पैशाचं एक महत्त्वाचं. बॅण्डकॅम्पवरची रक्कम आमच्याकडे पेपालमार्फत येते. पॅन लागतो, कशाबद्दलचे पैसे आहेत त्याचा पर्पज कोड भरावा लागतो, मग परदेशातून आलेली रक्कम आपोआप बँकेत जमा होते. मात्र पेपालने भारतातले देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून थांबवले आहेत. म्हणजे लिस्बनचा माणूस आमचा अल्बम घेऊ शकतो, नागपूरच्या धरमपेठेतला नाही. आम्ही इथल्यांकडून यूपीआयने पैसे घेतो आणि त्यांना डाउनलोड कोड देतो. इथल्या विक्रीची वही त्यामुळे वेगळी ठेवावी लागते.

स्ट्रीमिंगसाठी वितरक, म्हणजे आपली गाणी स्पॉटिफायसारख्या सेवांवर पोहोचवणारी कंपनी, घ्यावाच लागतो आणि तो आम्ही घेतला. तिथे अमेरिकेचा करविषयक फॉर्म, डब्ल्यू-८बीईएन, नीट भरा. तो भरून भारत-अमेरिका कराराचा आधार घेतला तर अमेरिकेतल्या रॉयल्टीवर १५ टक्के कर कापतात, नाहीतर ३०. स्पॉटिफायवर गाणं येण्याच्या किमान सात दिवस आधी तिथल्या संपादकांकडे पाठवायचं, म्हणजे निदान आपल्या अनुयायांच्या शुक्रवारच्या नव्या गाण्यांच्या यादीत ते येतं. आणि २०२४ पासून नियम असा आहे की मागच्या बारा महिन्यांत १००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याचे पैसेच मिळत नाहीत. आमच्यासारख्यांनी स्ट्रीमिंगकडे कमाई म्हणून पाहू नये. कुठल्या शहरात आपल्याला ऐकतात हे मात्र तिथे छान कळतं आणि पुढची पत्रं कुठे पाठवायची ते त्यावरून ठरवता येतं.

इथे एक कळकळीची सूचना. "अमुक रुपयांत दहा हजार परदेशी स्ट्रीम" देणाऱ्यांच्या नादी लागू नका. ओळखीतल्या एका बँडने अशांना पैसे दिले. मी त्यांचे आकडे पाहिले: जवळजवळ सगळे श्रोते एकाच परदेशी शहरातले, गाणं जपून ठेवणारा एकही नाही, दुसरं गाणं ऐकणारा नाही. काही आठवड्यांनी ते गाणंच काढून टाकलं गेलं. पोरांनी उन्हाळाभर लग्नात वाजवून जमवलेले पैसे होते ते.

सबमिटहब या गाणी पाठवण्याच्या संकेतस्थळावर थोडे क्रेडिट (तिथे विकत घ्यायचे गुण) घालून ब्लॉगवाल्यांना आणि प्लेलिस्टवाल्यांना गाणी पाठवली. उत्तर ठरलेल्या वेळेत येतं ही चांगली गोष्ट. नकारच जास्त आले. आमचं संगीत तिथल्या प्रकारांच्या चौकटीत बसत नाही. तुमचं इंडी पॉप किंवा लो-फाय असेल तर तुम्हाला कदाचित जास्त फळेल.

रेडिओचं मात्र सोनं झालं. न्यू जर्सीचं डब्ल्यूएफएमयू १९५८ पासून सुरू आहे, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतं आणि तिथे काय वाजवायचं ते निवेदक स्वतः ठरवतात. अशी केंद्रं युरोपातही बरीच आहेत. त्यांच्या वाजवलेल्या गाण्यांच्या याद्या खुल्या असतात. त्या चाळून डफ, कंजिरा, भजन, कव्वाली वाजवणारे निवेदक मी शोधले आणि एकेकाला वेगळं पत्र लिहिलं: त्याच्या कुठल्या कार्यक्रमात काय ऐकलं, आमचं कुठलं गाणं त्याला आवडेल, सोबत एक लिंक आणि एक कोड. फाइल जोडायची नाही. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. पण युरोपातल्या एका छोट्या केंद्रावरच्या बाईंनी गाणं वाजवलं, काकूंचं नाव नीट उच्चारलं, आणि त्या रात्री आमच्या फोनवर विक्रीच्या सूचना लागोपाठ येत राहिल्या. रचना तुमची स्वतःची असेल तर आधी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या भारतातल्या संस्थेचं, सभासदत्व घ्या. परदेशी प्रसारणाचे पैसे तिथल्या संस्थेकडून फिरून याच मार्गाने येतात. सावकाश येतात.

परदेशातल्या मराठी माणसांवर मी सुरुवातीला खूप भिस्त ठेवली होती. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं, एवढं मोठं जाळं आहे. गणपतीच्या, दिवाळीच्या कार्यक्रमाला लोकांना ओळखीची गाणी हवी असतात आणि ते समजण्यासारखं आहे. तिथून विक्री थोडी झाली. पण जे आले ते वऱ्हाडातले, भंडारा-गोंदियाकडचे. "आईच्या तोंडून हे ऐकलं होतं," असं एकीने टोरांटोहून लिहिलं आणि बहिणींसाठी आणखी कोड मागितले.

कॅसेटचा मामला अजून सुटलेला नाही. तिकडे कॅसेटला हौशी गिऱ्हाईक आहे, म्हणून आम्ही थोड्या काढल्या. नेमकं तेव्हाच, २९ ऑगस्ट २०२५ ला, अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची आयातकरातली सूट बंद केली आणि टपाल खात्याने तिकडची पार्सलं काही काळ घेतलीच नाहीत. ऑर्डर अडकल्या. प्रत्येकाला कळवलं, पैसे परत देऊ केले. बहुतेकांनी थांबतो म्हटलं. सेवा पुन्हा सुरू झाली आहे, पण वजन, टपालखर्च आणि कर धरता कॅसेटपेक्षा टपाल महाग पडतं. युरोपातल्या एखाद्या छोट्या लेबलने (रेकॉर्ड कंपनीने) कॅसेट तिकडेच काढून विकाव्यात असं बोलणं सुरू आहे.

पुढचा अल्बम बॅण्डकॅम्प फ्रायडेला काढायचं नक्की केलंय. मार्च २०२० मध्ये सुरू झालेला हा प्रकार आता वर्षातल्या ठरावीक शुक्रवारीच असतो. त्या दिवशी ते आपला वाटा सोडतात आणि नेहमीचे गिऱ्हाईक खरेदी त्याच दिवसासाठी राखून ठेवतात. वेळ कॅलिफोर्नियाची असते, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबारा ते शनिवारी साडेबारा, तिकडच्या हिवाळ्यात दीड ते दीड. यादीतल्या लोकांना पत्र गुरुवारी रात्री पाठवायचं ठरलंय आणि त्यासोबत काकूंच्या आवाजातली एक न छापलेली ओवी.