जि. प. शाळा, नऊ महिने वापरून: पोरगी वाचायला लागली, पंखा बंद

शाळेची लाइट कापली म्हणून लिहायला बसलोय. नाहीतर चार तारे टाकून मोकळा झालो असतो.

पोरगी तिसरीत. जून २०२४ ला इंग्लिश मिडियममधून काढून गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घातली. फी आणि व्हॅन मिळून वर्षाला २८ हजार जात होते आणि कांद्याने हात दिला नव्हता, एवढंच कारण. पुस्तकं फुकट, दुपारी खिचडी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गणवेशाचं मात्र रडगाणंच झालं. यंदा कापड वरून राज्यानेच घेतलं, शिलाई बचत गटांकडे, आणि आमच्याकडे आलेल्या सदऱ्याची बाही कोपराखाली. डिसेंबरात सरकारने पुढच्या वर्षीपासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. मग काढून घेतलं कशाला?

ऑक्टोबरात मी गावच्या ग्रुपवर ‘शिकवणं यथातथाच’ असं टाकलं होतं. ते मागे घेतो. जानेवारीत आडत्याची पट्टी, म्हणजे माल विकल्याचा हिशेब, घरी आणली, तर पोरीने हमाली, तोलाई, वजा सगळं वाचलं आणि म्हणाली, "पप्पा, ४० रुपये कमी दिलेत." खरंच कमी होते! आधीच्या शाळेत ती फक्त पोएम म्हणायची. श्रेय बाईंचं. पण त्यांचा पगार राज्याचा, नोकरी जिल्हा परिषदेची, बदली ग्रामविकास खात्याच्या नियमाने, आणि शिकवायचं काय ते शालेय शिक्षण खातं ठरवणार. बदलीत त्या गेल्या तर मी कोणाच्या दारात जायचं?

आता लाइट. थकलेलं बिल ३,८४० रुपये. फेब्रुवारीत वायरमनने वायर सोडली. हेडसर म्हणाले, "भाऊ, बिल संयुक्त शाळा अनुदानातून भरतो, हप्ता आला नाही." हे अनुदान ‘समग्र शिक्षा’ या सरकारी शाळांच्या योजनेचं, केंद्र ६० टक्के, राज्य ४०. आमचा पट ६४, म्हणजे वर्षाला २५ हजार, त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेला. उरलेल्यात खडू, रजिस्टर, डागडुजी, लाइटबिल. पैसा दिल्ली, मुंबई, जिल्हा करत आमच्या खात्यावर यायचा. खात्याचं पासबुक मी पाहिलंय, कारण मी समितीत आहे. समितीत ७५ टक्के पालक लागतात, आणि निवडीच्या सभेला वेळेवर पोचलेला बाप मी एकटाच होतो.

तालुक्याला गेलो. ५० रुपये एसटीला. तिथे उत्तर मिळालं, बिलाला वेगळं शीर्ष, म्हणजे खर्च टाकायचं खातं, नाही, ग्रामपंचायतीला विचारा. ग्रामसेवक भाऊसाहेब गोड माणूस. म्हणाले, "पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे आहेत, पण ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेले. हात धुवायला बेसिन बसवून देतो. बिल नाही जमणार, मीटर हेडमास्तरांच्या नावावर आहे."

आणि बेसिन खरंच बसवलं, आठ दिवसांत. पाच स्टीलचे नळ, मागे पांढऱ्या टाइल. टाकीत पाणी चढवणारी मोटर लाइटवर चालते. पोरं नळ फिरवून बघतात आणि हापशावर हात धुतात.

शेवटी घरटी ८० रुपये वर्गणी काढली. दोन घरांनी दिली नाही, नावं लिहीत नाही. पुन्हा जोडणीचा आकार धरून बिल भरलं, लाइट आली. पावती हेडसरांनी ‘लोकसहभाग’ लिहिलेल्या फाइलला लावली, म्हणजे तपासणीत शाळेला तेवढंच बरं.

तीन तारे. एक लाइटचा कापला, एक बाहीचा. पोरगी पुढच्या वर्षीही इथेच.

तिसरीच्या वर्गातला पंखा आता फिरतो, पण बटण दाबून काठीने ढकलावा लागतो. कंडेन्सर गेलाय. तो कोणाच्या शीर्षातून आणायचा, हे सोमवारी विचारायला जाणार आहे.