स्लायडिंग गेटची ऑटोमॅटिक मोटर: एक पावसाळा काढल्यानंतर

गणेश चवथीच्या आदल्या आठवड्यात गेट अर्धे उघडून थांबले आणि मोटरीच्या डब्यातून जळका वास आला. त्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या झाल्या असत्या. आता दिवाळी होऊन गेलीय, मोटर चालवणारे सर्किटचे कार्ड बदलून झालेय, डीलर फोन उचलायला लागलाय. तेव्हा जरा शांतपणे लिहितो. शिव्या थोड्या राहतीलच, कारण साडेआठ हजार रुपये माझ्या खिशातून गेलेत.

रॅक म्हणजे गेटला लावलेली दात्यांची पट्टी, पिनियन म्हणजे तिला सरकवणारे मोटरीचे दातेरी चाक. याहून जास्त सांगत बसत नाही. ज्याला गेट लावायचेय त्याने एवढे वाचलेलेच असते. आमचे घर गोव्यात, साखळी गावाच्या बाजूला, रस्त्यापेक्षा उंचावर. गेटमधून शिरले की लगेच चढ. दोन झडपांचे गेट आत उघडायचे तर चढाला घासते, बाहेर उघडायचे तर अर्धा रस्ता अडवते, आणि रस्ता आमच्या मालकीचा नाही. म्हणजे स्लायडिंगला पर्यायच नव्हता. डाव्या हाताला चिऱ्यांचा लांब गडगा (कुंपणाची भिंत) असल्यामुळे गेट सरकायला जागा मिळाली. ज्यांच्याकडे उघड्या तोंडाच्या रुंदीएवढी मोकळी भिंत आणि शिवाय दीडेक फूट जास्त जागा नाही, त्यांनी स्लायडिंगचा विचार तिथेच सोडावा.

मोटर निवडताना डीलरचा सगळा जोर २३० व्होल्टच्या एसी मोटरीवर होता. 'दणकट असते, स्वस्त पडते' वगैरे. स्वस्त पडते हे खरे, सात-आठ हजारांचा फरक होता आणि माझा जीव त्या फरकात बराच वेळ अडकला होता. पण आमच्याकडे पावसात तारेवर फांदी पडली की लाईट गेलीच, आणि कधी येईल ते लाईनमनलाही ठाऊक नसते. २४ व्होल्टच्या डीसी मोटरीला बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडता येतात. म्हणून ती घेतली. या निर्णयाबद्दल आजही खूश आहे. जूनपासून लाईट कितीदा गेली त्याचा हिशेब नाही, पण त्यापायी गेट एकदाही अडले नाही. शिवाय डीसी मोटर सावकाश सुरू होते, शेवटी हळू होऊन टेकते. एसीवाल्या शेजाऱ्याचे गेट खांबावर आपटते तेव्हा आमच्या घरात कळते.

वजनाचे म्हणाल तर वेल्डरने आमचे गेट तीनशे किलोच्या आत सांगितले होते आणि मी ६०० किलोची मोटर घेतली. घरच्यांना हा उधळेपणा वाटला. पण ब्रोशरवरचे किलो हे सपाट रुळावर, चांगल्या चाकांवर धावणाऱ्या गेटचे असतात. आमच्या रुळात पावसात लाल पाण्याबरोबर जी वाळू-खडी येऊन बसते तिचा हिशेब ब्रोशर करत नाही. साधी परीक्षा अशी की चावीने मोटर सोडवायची आणि गेट एका हाताने ढकलायचे. सहज गेले तर मोटर सुखी. दोन हात लावावे लागले तर आधी वेल्डरला बोलवा, मोटरवाल्याला नंतर.

पहिले दोन-तीन महिने नुसते कौतुक. शिगमो (आमची होळी) संपता संपता काम झाले. तेव्हापासून आई गेट उघडायला म्हणून पायऱ्या उतरलेली नाही. तिच्या गुडघ्यांसाठीच हा सगळा खर्च, हे घरात ठरलेले कारण होते. खरे कारण पावसात गाडीतून उतरायचा मला कंटाळा, हेही सगळ्यांना ठाऊक होते. अडचण आली ती पोदेराची, म्हणजे पाववाल्याची. तो वर्षानुवर्षे पावांची पिशवी गेटच्या कडीला अडकवून जातो. पहिल्याच सकाळी मी रिमोट दाबला आणि पिशवी गेटबरोबर खांबाच्या फटीत गेली. चपटे उंडे (गोल पाव) खाल्ले. आता गडग्याला खिळा मारलाय, पोदेर तिथे अडकवतो.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा एका भोकाचा आहे.

मोटरीचा डबा सिमेंटच्या ओट्यावर बसवतात. जमिनीखालून पाईप येतो आणि त्यातून केबली डब्याच्या पोटातल्या भोकातून वर जातात. पाईप असतो इंचाचा, केबली मिळून बोटाएवढ्या. उरलेली जागा मोकळी. बसवणाऱ्या मुलांनी पाईप ओट्याच्या बरोबरीने कापला, केबली ओढल्या, झाकण लावले, पैसे घेतले. भोक तसेच राहिले. त्या भोकात काहीतरी भरायला पाहिजे हे कुणाला सुचले नाही, किंवा सुचले तरी त्यासाठी पुन्हा गाडी काढून म्हापशाला कोण जाणार.

आता गोव्यातल्या पावसाळ्यात मुंगीच्या जागी राहून विचार करा. जमिनीत पाणी भरलेले, वारुळे बुडालेली, सगळीकडे ओल. आणि एक कोरडा पाईप सरळ वर एका डब्यात जातोय, जिथे ट्रान्सफॉर्मर चोवीस तास वीज खात असल्यामुळे कोमट ऊब आहे, वर छप्पर आहे आणि माणूस वर्षातून एकदा झाकण उघडतो. याहून चांगले घर सरकारी योजनेतही मिळत नाही. बारीक काळ्या मुंग्यांनी अंड्यांसकट संसार थाटला. कार्डावरच्या रिलेंच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचांच्या) आत शिरल्या, त्यांची माती आणि मेलेल्या मुंग्यांचा भुसा टर्मिनलांमध्ये साचला, त्याला ओल लागली आणि एका संध्याकाळी कार्ड गेले.

टेक्निशियन आला, झाकण काढले, मागे सरकला आणि म्हणाला, "मुयो सरल्यात भितर." (मुंग्या शिरल्यात आत.) पुढचे वाक्य हेच, की वॉरंटी नाही. कीटकांमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, असे वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक अक्षरात खरेच छापलेय. भिंग घेऊन वाचले.

मग मी ब्रोशर काढले. त्यावर ठळक अक्षरात 'आयपी ५४'. यातला पहिला आकडा घन वस्तूंचा आणि धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाच म्हणजे यंत्राला बाधेल इतकी धूळ आत जाणार नाही. डीलरला विचारले, तुमच्या डब्यात धूळ जात नाही, मग अंड्यांसकट मुंगी कशी गेली? ती काय धुळीपेक्षा बारीक? यावर त्याचे उत्तर असे की आयपी ५४ हे डब्याचे आहे, भोक साईटवर पडते. मी म्हटले साईटवर ते तुमच्याच माणसांनी पाडले, बसवण्याचे सहा हजार तुमच्याच बिलात आहेत. तो म्हणाला बसवणारी मुले कंत्राटी. मी म्हटले मला पावती तुमची आहे. हे असे बरेच दिवस चालले. अर्धा वेळ त्याचा फोन 'रेंजच्या बाहेर'. तोवर चवथ आली. गेट चावीने सोडवून हाताने ढकलत होतो आणि पाहुणे विचारत होते, "ऑटोमॅटिक ना हे?"

शेवटी कार्डाचे साडेआठ हजार मी भरले, मजुरी त्याने सोडली. त्याला वाटते त्याने उपकार केले.

कार्ड बदलल्यावर भोक मी स्वतः बुजवले. पाईपच्या तोंडात केबलींच्या भोवती इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते ती मऊ पुट्टी दाबून बसवली. एम-सील लावू नका, पुढे केबल बदलायची झाली तर छिन्नी घ्यावी लागते. फोम मारायला लोक सांगतात, पण मुंग्या फोम कोरतात. डब्यात बाजूच्या कपारीत, कार्डापासून लांब, डांबराच्या दोन गोळ्या कापडात बांधून ठेवल्यात. पाईपही ओट्याच्या दोन इंच वर असता तर पाणी येण्याची भीती कमी झाली असती, पण तो आता कापलेला आहे तो आहे. एकूण खर्च शंभराच्या आसपास. साडेआठ हजार आणि शंभर, हे दोन आकडे मी बायकोला इतक्या वेळा ऐकवलेत की ती आता आधीच मान हलवते.

वरचे सगळे लिहून ठेवले होते, आणि शेवटी 'ही मोटर घेऊ नका' असेही लिहिले होते. ते काढतो. मधल्या काळात डिचोलीतल्या एका मित्राच्या गेटची मोटर बंद पडली. त्याची इटलीची, माझ्यापेक्षा दुपटीने महाग. झाकण काढले तेव्हा मी मुद्दाम शेजारी उभा होतो. आत दोन टर्मिनलांना शेपूट आणि डोके टेकवून वाळलेली पाल, आणि खाली पाईपचे तोंड उघडे. इटलीवाल्यांनी डब्याबरोबर रबराची बूच दिली होती, ती प्लास्टिकच्या पिशवीत न फोडलेली तशीच आत पडलेली. तेव्हा दोष मोटरीचा नाही, ना त्याच्या ना माझ्या. दोष बसवणाऱ्यांचा, आणि तो मी काही केल्या सोडणार नाही. बसवताना तिथे उभे राहा आणि भोक बुजवल्याशिवाय झाकण लावू देऊ नका. चहा द्या, पण हलू नका.

बाकीच्या गोष्टी पटपट सांगतो.

रिमोटची रेंज सुरुवातीपासून रडकी होती, गाडी गेटला टेकवून दाबावे लागे. नवे कार्ड बसवायला आलेल्या दुसऱ्या मुलाने (हा हुशार निघाला) बघितले तर अँटेनाची वायर गुंडाळून ट्रान्सफॉर्मरच्या मागे कोंबलेली. ४३३ मेगाहर्ट्झला साधारण १७ सेंटिमीटरची सरळ वायर लागते. त्याने ती सरळ करून वर उभी केली. आता वळणावरूनच गेट उघडते. फुकटात झालेले हे एवढे एकच काम.

फोटोसेल, म्हणजे मधला किरण अडला की गेट बंद होऊ न देणारे समोरासमोरचे दोन डोळे, जमिनीपासून दीड-पावणेदोन फुटांवर लावतात. गाडीला ते ठीक. पण आमच्याकडे दुपारी गुरे गेटमध्ये येऊन उभी राहतात आणि किरण नेमका गायीच्या पुढच्या नि मागच्या पायांमधून, पोटाखालून आरपार जातो. गेटला वाटते वाट मोकळी आहे. एकदा ते गायीच्या बरगडीला लागले, मोटरीला अडथळा कळला आणि गेट मागे गेले. गाय हललीसुद्धा नाही. ताकदीचे सेटिंग मी त्याआधीच कमीत कमी ठेवून घेतले होते, ते तुम्हीही हाताने गेट अडवून तपासून घ्या. नंतर वर आणखी एक फोटोसेलची जोडी लावली, त्याचे अठराशे वेगळे. आणि घेणारा डोळा पश्चिमेकडे तोंड करून लावू देऊ नका, संध्याकाळचे ऊन थेट आत गेले की गेट बंद व्हायला नकार देते. दोन्ही डोळ्यांच्या जागा आपसात बदलल्या की काम होते. कोळ्याची जाळी मात्र दर आठवड्याला पुसावी लागते.

रॅक आणि पिनियनमध्ये एक-दोन मिलिमीटर फट पाहिजे, गेटचे वजन पिनियनवर येता कामा नये. पावसाने आमचा रूळ एका टोकाला किंचित खचला, फट संपली आणि करकर ऐकू यायला लागली. रॅकचे बोल्ट सैल करून वर उचलून घेतला. पाऊस संपल्यावर हे एकदा बघायचेच.

ऑक्टोबरच्या गडगडाटात अजून काही जळलेले नाही. विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा सर्ज प्रोटेक्टर लावलाय आणि अर्थिंगचा खड्डा नव्याने मीठ-कोळसा घालून भरून घेतलाय. आपली लाल जमीन उन्हाळ्यात इतकी सुकते की जुन्या अर्थिंगवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

सोडवायची चावी आतल्या बाजूने लागते, हे घेताना कुणी बोलत नाही. बॅटऱ्या उतरल्या, लाईट नाही आणि तुम्ही बाहेर असाल तर गडग्यावरून उडी मारा. आमच्याकडे बाजूला लहान फाटक आहे म्हणून निभावेल. नसेल तर आधी ते करून घ्या, गेट नंतर.

मोटरीला पाचात चार देतो. बसवण्याला एक, तोही अँटेनावाल्या मुलाचा. डीलरने परवा वार्षिक देखभालीचे साडेचार हजारांचे कोटेशन पाठवलेय, त्यात 'आतील साफसफाई' असे एक कलम आहे. भोक बुजवणे त्यात येते का, असे विचारलेय. व्हॉट्सअॅपवर दोन निळ्या टिका दिसतात, उत्तर नाही.