तूर दाताखाली पाहिली, बिल्टी पाहिली नाही

लातूरच्या बाजारात माझे आडतीचे दुकान आहे. 15 मे 2021 रोजी केंद्राने तुरीची आयात खुली केल्यापासून टांझानिया, मोझांबिक, मलावी ही नावे आमच्या डाळमिलवाल्यांच्या तोंडी उदगीर-औशासारखी रुळली आणि 2023 मध्ये तुरीचे भाव चढले, तेव्हा मीही आयात-निर्यात कोड आणि अन्नसुरक्षा परवाना काढून बसलो.

एका दलालाने टांझानियातल्या दार-ए-सलामच्या विक्रेत्याशी गाठ घालून दिली. कुरिअरने आलेला तिकडच्या अरुषा तुरीचा नमुना मी तळहातावर पसरला, दाणा दाताखाली फोडला, ओलावा मोजला. माल निर्दोष होता. आमच्या धंद्यात परीक्षा इथेच संपते, आणि समोरच्याला नेमके तेच ठाऊक होते. सौदा 24 टनांच्या एका कंटेनरचा, टनाला 800 डॉलरने ठरला. 30 टक्के रक्कम आगाऊ द्यायची होती आणि बाकी जहाजाच्या बिल्टीची, म्हणजे माल चढल्याच्या शिपिंग कंपनीच्या पावतीची, प्रत आल्यावर. विक्रेता टांझानियाचा असताना प्रोफॉर्मा बिल (माल पाठवण्याआधीचे कच्चे बिल) आणि बँक खाते दुबईतील वेगळ्याच फर्मचे का, असे मी विचारले. तिकडे डॉलरची टंचाई असते, हे उत्तर मला पटले, कारण ते पटावे अशीच माझी इच्छा होती.

बिल्टी, कंटेनर क्रमांक, माल कीडमुक्त असल्याचा दाखला, सारे स्कॅन होऊन आले आणि मी त्याच दिवशी उरलेले 13,440 डॉलर पाठवले. जहाज न्हावा शेवाला लागण्याची तारीख उलटल्यावर कस्टम एजंटाने शिपिंग लाइनच्या मुंबई कार्यालयात चौकशी केली. कंटेनर खरा होता, पण तो दुसऱ्याच मार्गावर दुसऱ्याचा माल वाहत होता. त्या क्रमांकाची बिल्टी त्यांनी कधी दिलीच नव्हती. पैसे सोडण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर हे दोन क्रमांक टाकले असते, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. विक्रेत्याची कंपनी टांझानियाच्या ब्रेला या नोंदणी संस्थेकडे आहे की नाही, हेही मी पाहिले नव्हते. यात त्या देशाचा दोष नाही. तो माणूस तिथला होता की इथलाच, हे आजही कळलेले नाही.

लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद दाखवल्यावरच विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची हमी, काढले असते तर वाचलो असतो, असे पुष्कळ जण सांगतात. ते अर्धेच खरे आहे, कारण बँक कागद तपासते, पोते उघडून पाहत नाही. माल भरताना आपण निवडलेल्या त्रयस्थ संस्थेने तपासणी करावी, ही अट त्यात घातली आणि तिचा दाखला त्या संस्थेकडूनच थेट पडताळून घेतला, तरच त्याचा उपयोग.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी तक्रार केली, तेव्हा तीन आठवडे उलटून गेले होते. पण माझ्यामागे लागली ती बँक. आगाऊ रक्कम परदेशी पाठवली की सहा महिन्यांत माल देशात यावा लागतो आणि त्याचा पुरावा म्हणून कस्टमची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा नोंदीचा कागद, द्यावी लागते. न आलेल्या तुरीची बिल ऑफ एंट्री मागणारी स्मरणपत्रे मला अजूनही येतात, आणि प्रत्येकाला मी एफआयआरची प्रत जोडून उत्तर पाठवतो.