पाणी की गॅस? कारखान्याची अग्निशमन यंत्रणा निवडताना

टेबलावर दोन कोटेशनं आली की पहिला प्रश्न ठरलेला: "स्प्रिंकलर (छतावरच्या पाइपाला लावलेला, आगीवर पाणी फवारणारा नोझल) चुकून फुटला तर मशिनं भिजतील ना?" मग गॅसवाल्याचं ब्रोशर पुढे सरकतं. कोरडं काम, डाग नाही, पुसापुशी नाही. दोन्ही यंत्रणांच्या मेंटेनन्समध्ये मी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून माझा कल आधीच सांगून टाकतो. शॉप फ्लोअर आणि गोडाऊनसाठी पाणी. गॅस फक्त बंद खोलीसाठी, आणि ती खोली खरोखर बंद असेल तरच.

पाण्याबद्दलची भीती बरीचशी सिनेमातून आलेली आहे. एका कोपऱ्यात धूर निघाला की सगळ्या छतातून पाऊस पडतो, असं पडद्यावर दिसतं. नेहमीच्या स्प्रिंकलरला धूर कळतच नाही. त्याचं हेड, म्हणजे पाणी सोडणारं तोंड, हातात घेऊन बघा. मध्ये ३ किंवा ५ मिलिमीटर जाडीचा काचेचा बल्ब, आत रंगीत द्रव आणि एक चिमुकला बुडबुडा. उष्णतेनं द्रव फुगतो, बुडबुडा जिरत जातो, फुगायला जागा उरली नाही की काच तडकते आणि पाणी सुटतं. लाल द्रव ६८ अंश सेल्सिअसला, पिवळा ७९ला, हिरवा ९३ला, निळा १४१ला. म्हणजे आगीच्या डोक्यावरचे हेड तेवढे उघडतात, बाकीचे जागच्या जागी राहतात. "चुकून फुटला" म्हणून जे किस्से सांगतात, त्यात फोर्कलिफ्टचा मास्ट (पुढचा उभा खांब) लागलेला असतो, नाहीतर भट्टीच्या वर कुणीतरी लाल बल्बचा हेड लावलेला असतो.

भिजण्याचा हिशोबही करून बघा. ८० के-फॅक्टरचा (हेडमधून किती पाणी येतं ते सांगणारा आकडा) हेड १ बार दाबाला मिनिटाला ८० लिटर पाणी देतो. तीच आग मोठी होऊन फायर ब्रिगेड आली, तर एकेका होजमधून मिनिटाला काहीशे लिटर येतं, आणि ते कुठल्या मशिनवर पडतंय हे धुरात कुणी बघत बसत नाही.

पाण्याची खरी ताकद थंड करण्यात आहे. उकळीला आलेल्या १ किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते, ती आगीतूनच खेचली जाते. शिवाय टाकी भरलेली आणि पंप चालू असेपर्यंत पाणी येतच राहतं. गॅसचे सिलिंडर एकदा सुटले की सुटले. आत एखादा धातू तापलेला राहिला, केबलचं इन्सुलेशन धुमसत राहिलं आणि कुणी घाईनं दार उघडलं, की आग परत पेटते. तेव्हा सिलिंडर रिकामे असतात.

पाण्याची बाजू लंगडी पडते ती वेगळ्याच ठिकाणी. डिझाइन करताना प्रति चौरस मीटर मिनिटाला किती लिटर पडायला हवं, हे तिथे काय ठेवलंय त्यावरून ठरतं. युरोपच्या ईएन १२८४५ मानकात साधारण धोक्याच्या जागेला ५ मिलिमीटर प्रति मिनिट (म्हणजेच चौरस मीटरला मिनिटाला ५ लिटर) चालतं. उंच साठ्याला तेच ३० पर्यंत जाऊ शकतं. एका कारखान्यात मी बघितलं ते असं: गोडाऊन बांधलं तेव्हा रॅकवर लोखंडी सुटे भाग होते. पुढे खर्च वाचवायला लाकडी खोके जाऊन प्लॅस्टिकचे क्रेट आले, रॅकही एका थरानं उंच झाला. परचेसनं सही केली, स्टोअरनं सही केली, फायरवाल्याला कुणी विचारलं नाही. कागदावर यंत्रणा चालू, प्रत्यक्षात निम्म्या ताकदीचीही नाही. तुमच्याकडे माल बदलत राहणार असेल तर डिझाइन आजच्या मालावर करून घेऊ नका, पाच वर्षांनी येऊ शकणाऱ्या सर्वांत वाईट मालावर करून घ्या. पाइप नंतर बदलणं फार महागात जातं.

आता गॅस. पॅनेल रूम, कंट्रोल रूम, सर्व्हर रूम, मोजमापाची नाजूक उपकरणं असलेली लॅब: इथे तो शोभतो. पण "गॅस" या एका शब्दाखाली तीन वेगळे प्राणी आहेत.

कार्बन डायऑक्साइड सगळ्यांत जुना, आणि माणसाला सगळ्यांत वाईट. आग विझवायला खोलीत तो किमान ३४ टक्के लागतो. १० टक्क्यांच्या वर गेला की माणूस मिनिटाभरात बेशुद्ध पडू शकतो. मग सायरन, सुटण्याआधीचा विलंब आणि आत काम चालू असताना गॅस अडवून ठेवायला लावायचा लॉक-आउट व्हॉल्व्ह, यातलं एकही टाळता येत नाही. जिथे माणसांची ये-जा आहे तिथे मी तो सुचवणार नाही. बंद टर्बाइन एन्क्लोजरसारख्या जागेत तो अजूनही उत्तम.

दुसरे इनर्ट, म्हणजे सहसा कशाशी प्रतिक्रिया न करणारे गॅस. उदाहरणार्थ आयजी-५४१: ५२ टक्के नायट्रोजन, ४० टक्के आर्गॉन, ८ टक्के कार्बन डायऑक्साइड. खोलीतला ऑक्सिजन २१ वरून १२-१३ टक्क्यांवर आणतो. बाहेर पडेपर्यंत माणूस तग धरतो. गॅस हवेतलाच, म्हणून पर्यावरणाचा प्रश्न नाही. मात्र २०० किंवा ३०० बारच्या सिलिंडरांची रांग लागते, आणि सुटताना खोली फुगू नये म्हणून प्रेशर रिलीफची झडप हवीच. सुटण्याच्या आवाजानं हार्ड डिस्क खराब झाल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळे सर्व्हर रूममध्ये आवाज कमी करणारा नोझल मागा.

तिसरे रासायनिक. त्यातला जुना हॅलॉन १३०१ ओझोनच्या थराला मारक म्हणून गेला. विकसित देशांत त्याचं उत्पादन १९९४ पासून बंद. त्याच्या जागी आलेला एचएफसी-२२७ईए (हायड्रोफ्लुरोकार्बन गटातला गॅस) १० सेकंदांत सुटतो, जागा कमी घेतो, पण जागतिक तापमानवाढीच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या तीन हजारांहून अधिक पट, आणि २०१६ च्या किगाली करारानुसार एचएफसींचा वापर टप्प्याटप्प्यानं कमी होतोय. एफके-५-१-१२ हे दुसरं रसायन त्या बाबतीत सौम्य. मात्र तो नोव्हेक नावानं विकणाऱ्या ३एम कंपनीनं पीएफएएस गटातली (निसर्गात सहजी न विघटणारी, फ्लोरिनयुक्त) रसायनं २०२५ अखेर बंद करण्याचं २०२२ मध्ये जाहीर केलं. दुसरे उत्पादक आहेत, तरी दहा वर्षांनी रिफिल कोण देणार, हा प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारा.

तिन्ही गॅसांचं यश खोलीच्या भिंतींवर अवलंबून असतं. गॅस साधारण १० मिनिटं टिकायला हवा. एकदा डोअर फॅन टेस्टला (दारात पंखा लावून खोलीची गळती मोजायची चाचणी) माझी खोली नापास झाली. कारण शोधायला दुपार गेली. फॉल्स फ्लोअरखाली नवी केबल ओढताना पाडलेलं, मुठीएवढं भोक तसंच उघडं होतं. सिलिंडर भरलेले, गेज हिरव्यात, सर्टिफिकेट भिंतीवर, आणि खोली मात्र गळकी.

मधले पर्याय थोडक्यात. प्रीअॅक्शन स्प्रिंकलरमध्ये डिटेक्टरनं इशारा दिल्यावरच पाइपात पाणी येतं, आणि बल्ब फुटल्यावर ते बाहेर पडतं. पाण्याला भिणाऱ्या मॅनेजमेंटला गॅसऐवजी हा दाखवा. वॉटर मिस्टला, म्हणजे पाण्याच्या बारीक तुषारांना, पाणी फार कमी लागतं, तेलाच्या टेस्ट बेंचला छान, पण नोझल बारीक, फिल्टर तुंबतात, आणि ज्या वापरासाठी चाचणी झाली आहे त्याबाहेर तो लावू नये. पेंट आणि सॉल्व्हंटला फोम. त्यातही अल्कोहोलसारखी पाण्यात मिसळणारी सॉल्व्हंट असतील तर अल्कोहोल-प्रतिरोधक फोमच, साधा फोम त्यावर विरघळतो. जुन्या फोममध्ये पीएफएएस असतं. फ्लोरिनमुक्त घ्यायचा असेल तर प्रपोर्शनरही (पाण्यात फोम ठरलेल्या प्रमाणात मिसळणारा भाग) तपासून घ्या, कारण हा फोम दाट असतो.

मॅग्नेशियमच्या कातरणापाशी मात्र पाणी, फोम, कार्बन डायऑक्साइड काहीच नको. पाण्यातून हायड्रोजन सुटतो. तिथे कोरडी वाळू किंवा धातूंसाठीची खास पावडर. आणि पीठ, साखर, लाकूड यांची धूळ उडत असेल तर यातली कुठलीही यंत्रणा स्फोट थांबवत नाही. २००८ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात १४ जण गेले. एका स्फोटानं बीम आणि फरशीवर साचलेली धूळ उडाली आणि पुढचे स्फोट तिनं केले. तिथे आधी झाडलोट आणि धूळ गोळा करणारी यंत्रणा, मग स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी झडप.

पाण्याच्या बाजूनं निर्णय घेणार असाल तर कोटेशनमध्ये एक ओळ वाढवून घ्या: प्रत्येक मुख्य व्हॉल्व्हवर सुपरव्हायजरी स्विच, म्हणजे कुणी तो फिरवला की कंट्रोल पॅनेलवर दिसेल. एनएफपीए या अग्निसुरक्षेची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या अमेरिकेतल्या आकडेवारीत स्प्रिंकलर चालले नाहीत अशा निम्म्याहून अधिक घटनांत यंत्रणा आधीच बंद करून ठेवलेली होती. दुरुस्तीला व्हॉल्व्ह बंद केला, जेवायची सुट्टी झाली, शिफ्ट बदलली.