भयाण स्वप्नं: सराव की गोळी?
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी हादरली. आमच्या मावशीच्या स्वप्नात ती भिंत अजून पडते.

स्वप्न-सरावाच्या थेरपीत जागेपणी स्वप्न लिहायचं, शेवट आपल्या मनासारखा बदलायचा आणि तो रोज काही मिनिटं डोळ्यांसमोर आणायचा. भिंत कलायच्या आत मावशी अंगणात, लेकरू कडेवर. आठवडे लागतात, पण शिकलेलं आपल्यापाशी राहतं.

प्राझोसिन ही मूळची रक्तदाबाची गोळी. नॉरअ‍ॅड्रेनलिनचा, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणाऱ्या रसायनाचा, जोर अडवते. काहींना गुण येतो, मात्र २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ३०४ माजी सैनिकांवरच्या चाचणीत ती औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. शिवाय उठताना चक्कर येऊ शकते.

मी मावशीला आधी सरावच सांगितला. त्यासाठी दर आठवड्याला लातूरला जाणं मात्र तिला जड जातं.