कणकुंबीची एक दिवसाची पाण्याची सहल: जावी का?

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे पदवीला पर्यावरणाचा पेपर सक्तीचा झाला. तो मी गाईड पाठ करून पास झाले आणि विसरले. म्हणून बेळगावातल्या एका निसर्गमंडळानं सायन्स सोडून बाकी शाखांच्या मुलांसाठी काढलेल्या या सहलीला ४५० रुपये भरताना जरा जिवावर आलं होतं.

जांबोटी रोडला लागल्यावर बसमध्येच पहिला प्रश्न आला: घरचं पाणी कुठून येतं? मी लिहिलं, कॉर्पोरेशनच्या नळातून. आम्हाला पाणी देणारी धरणं, राकसकोप मार्कंडेय नदीवर आणि हिडकल घटप्रभेवर, हे नकाशावर बोट ठेवून त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला मलप्रभा नदीचा उगम आहे. ते पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं. याच खानापूर तालुक्यात उगम पावलेली म्हादई मात्र गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते.

पैसे वसूल झाले ते बाटलीच्या प्रयोगात. झाडाखालच्या पाचोळ्यावर एक लिटर पाणी ओतलं, बघता बघता जिरलं. तेवढंच तुडवलेल्या पायवाटेवर ओतलं, तर लाल ओघळ होऊन खाली पळालं. आमचं भात वडगाव शिवारात आहे. बळ्ळारी नाला फुगला की लावलेली रोपं कुजतात, पुन्हा लावणी करावी लागते. नाल्यातला गाळ आणि अतिक्रमण याबद्दल पप्पा नेहमी बोलतात. पण वरची जमीन काँक्रीटखाली गेली की पाण्याला जिरायला जागाच उरत नाही, हे मला त्या ओघळाकडे बघताना कळलं. प्लॉट पाडणाऱ्याच्या हिशेबात आमची कुजलेली रोपं कुठंच खर्ची पडत नाहीत. अर्थशास्त्रात ‘बाह्य खर्च’ शिकले होते, तो हाच.

भीमगडजवळच्या बारापेडे गुहेतल्या दुर्मिळ वटवाघळांची माहिती दिली, पण त्यांना त्रास नको म्हणून तिकडे नेलं नाही. हे मला फार आवडलं.

एक तक्रार आहे. कळसा-भांडुराचा, म्हणजे म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायच्या कर्नाटकाच्या योजनेचा विषय दोन वाक्यांत उरकला. २०१८ च्या निवाड्यात म्हादई पाणीतंटा लवादानं कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यातलं पिण्याला किती आणि विजेला किती, हे आम्हाला मांडून दाखवायला हवं होतं. वाद नको म्हणून टाळलं असेल, पण उगमावर उभं राहून हे नाही विचारायचं तर कुठं विचारायचं?

कॉमर्स-आर्ट्सवाल्यांनी जरूर जावं. चपला नकोत, बूट घाला. ऑक्टोबरातही वाटेवर जळवा होत्या.